खोपोलीची 'मुक्कामाची जागा' : खाणावळ, धर्मशाळा की आणखी काही?

घाटपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ घर खोपोलीचं. आता तिथं फक्त माझी चुलत आत्या राहते, बाकी सगळे पुणे, डोंबिवली आणि एक जण मेलबर्न. घराच्या मागच्या अंगाला एक दगडी जोतं आहे. पाच खणांचं असेल. वर काही नाही, रुई माजलीय, आणि एका कोपऱ्यात दगडी हौद. लहानपणी आम्ही पोरं त्याला 'हाटेल' म्हणायचो. आजी म्हणायची 'मुक्कामाची जागा'.

तिची गोष्ट अशी : तिच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांच्या काळात घाट चढणारे लोक संध्याकाळी तिथं उतरायचे, जेवायचे, पहाटे डोली करून वर खंडाळ्याला जायचे. साहेबलोकसुद्धा उतरायचे म्हणे. मग घाटातून आगगाडी सुरू झाली आणि 'एका दिवसात सगळं बसलं'. हे 'एका दिवसात' ती चुटकी वाजवून सांगायची.

आजी गेली, कागद कुणाकडे आहेत ठाऊक नाही. नेटवर 'खोपोली जुनं हॉटेल' शोधलं तर नुसते रिसॉर्ट आणि वॉटरपार्क येतात. ही जागा नक्की काय असेल? आणि शोधायचं कुठून?

चहाबाज

पहिल्या रांगेत चटई टाकली आहे. येऊ द्या.

पळसदरी लोकल

आजींच्या गोष्टीत दम आहे. रेल्वेच्या तारखा लावून बघा.

बोरीबंदर-ठाणे १८५३, कल्याण १८५४. तिथून एक फाटा घाटाकडे वळला आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला. आज कर्जतहून केळवली, डोलवली, लौजी करत रमतगमत जाणारी जी लोकल आहे ना, ती तेव्हाची मुख्य लाइन. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे सुरू झालं. म्हणजे खाली खोपोलीपर्यंत गाडी, वर खंडाळ्यापासून गाडी, आणि मधला घाट? तो पालखीनं, तट्टावर नाहीतर पायी. हा प्रकार २१ एप्रिल १८६३ ला बोरघाटाची लाइन उघडेपर्यंत चालला.

पाच वर्षं मुंबई-पुण्याचा प्रत्येक रेल्वे उतारू खोपोलीला खाली उतरत होता, सामानसुमान घेऊन. रात्र झाली तर कुठं जाणार?

पुणेरी काकू

@पळसदरी लोकल, 'प्रत्येक उतारू' पुण्याहून निघाला तर तो खंडाळ्याला उतरत होता. दुसरी बाजूही असते हो.

पळसदरी लोकल

काकू, मान्य. पुण्याची बाजू राहून गेली, असं माझ्याकडून पुन्हा होणार नाही.

जुना नकाशा

धागाकर्ते, सर्वांत आधी दोन गोष्टी लक्षात घ्या, नाहीतर माझ्यासारखे महिने फुकट जातील.

एक, जिल्हा. खोपोली रायगडात म्हणून लोक कुलाबा (म्हणजे रायगडचं जुनं नाव) गॅझेटियर, इंग्रजांनी छापलेला जिल्हा-माहितीचा ग्रंथ, उघडतात आणि हात हलवत परत येतात. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे १८८२ चं ठाणे गॅझेटियर घ्या, त्यातला गावांची माहिती असलेला चौदावा खंड. खोपोलीचं तळं आणि महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधल्याचं तिथं मिळेल. जुने दप्तरही 'ठाणे' या नावाखाली लागलेलं असतं.

दोन, स्पेलिंग. साहेबाला 'ख' झेपत नव्हता. कँपूली, कँपोली अशी नाना रूपं करून शोधा. आणि बोरघाटाचा त्यांनी 'भोर घाट' केला, त्यामुळे भोर संस्थानाचे कागद मध्येच येऊन गोंधळ घालतात.

सातबारा

गॅझेटियर ठीक आहे, पण त्यात तुमचं जोतं सापडणार नाही. भूमी अभिलेखला जा. जागा गावठाणात असेल तर सिटी सर्व्हेची 'चौकशी नोंदवही' मागा. मालमत्ता पत्रक नव्हे, चौकशी नोंदवही. पत्रकावर नुसतं नाव असतं. नोंदवहीत ती जागा कुणाकडे कशी आली, त्या वेळी तिथं काय उभं होतं, शेजाऱ्यानं काय हरकत घेतली हे लिहिलेलं असू शकतं. गावठाणाबाहेर असेल तर जुनं टिपण आणि कडईपत्रक, हे जुने जमीन-मोजणीचे कागद.

सोबत एक पाण्याची बाटली आणि तीन दिवसांची रजा न्या.

चहाबाज

आणि दुपारी एक ते तीन जाऊ नका. तीन ते पाचही जाऊ नका.

बंदरावरचा

पनवेलचा आहे म्हणून घाटाच्या थोडं अलीकडचं, आमच्या बाजूचं सांगतो. रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे होडीनं पनवेल. होडी भरतीच्या वेळेवर यायची, तुमच्या वेळेवर नाही. ओहोटी लागली की चिखलात. त्यामुळे मुक्काम ठरवून होत नसे, होऊन जात असे. पनवेलहून खोपोली, मग घाट. १८३० मध्ये माल्कम गव्हर्नर असताना घाटात गाडीरस्ता झाला, म्हणजे बैलगाड्या वरपर्यंत जायला लागल्या. आमच्याकडची गाडीची चाकं नावाजलेली होती ती यामुळेच.

सांगायचा मुद्दा, तुमच्या जागेचं वय रेल्वेपेक्षा जास्त असू शकतं. पाच वर्षांसाठी कोकणी माणूस पाच खण दगडी जोतं घालत नाही.

घाटपायथा

@बंदरावरचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. आजीच्या गोष्टीत आगगाडीच एवढी मोठी होती की त्याआधीचं काही दिसलंच नाही.

वळणावरची

१८३० म्हणजे अमृतांजन पुलाचं साल ना? एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये तो पाडला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. लहानपणी तो दिसला की आई म्हणायची, चला, आता थंडी लागेल, स्वेटर काढा.

ट्रकवाल्याचा मुलगा

घाटाचा विषय निघाला आणि शिंगरोबा कुणालाच आठवला नाही? ज्या धनगरानं इंग्रजांना वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, त्याचं देऊळ आहे घाटात. वडील नाणं टाकल्याशिवाय पुढं जात नसत. हौद वगैरे आहे म्हणता, तर ती जागा धनगरांच्या मेंढरांची असेल.

जुना नकाशा

दादा, शिंगरोबाला माझाही नमस्कार असतो. पण वाट इंग्रजांना 'सापडली' हे पटत नाही. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे लेणी आहेत, ती दोन हजार वर्षांपूर्वी रानात उगाच नाही कोरली. या वाटांनी माल चढत-उतरत होता. रेल्वेची आखणी वेगळी, तिथं कुणा स्थानिकाची मदत झालीही असेल.

ट्रकवाल्याचा मुलगा

आखणीच म्हणतोय मी. आणि मदत करणाऱ्यांची नावं कागदावर येत नसतात, तुम्हालाच माहीत.

जुना नकाशा

हे मात्र खरं.

अवांतरसम्राज्ञी

अवांतर होतंय, पण बोरघाट म्हटल्यावर अ‍ॅलिस ट्रेडवेलचं नाव घ्यायलाच हवं. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल १८५९ मध्ये मजुरांच्या दंग्यानंतर काम सोडून गेला. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो इथं पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोनं कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि दोन इंजिनियर हाताशी धरून ते पुरं करून घेतलं. पंचवीस बोगदे. कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं होती, आणि तापानं, पटकीनं, सुरुंगानं किती गेली त्याला गणती नाही.

आता प्रश्न : ही माणसं कुठं राहत-जेवत होती? ती काही 'मुक्कामाच्या जागी' पैसे मोजून उतरत नसणार.

निळी पालखी

इथं सगळे 'खाणावळ' हा शब्द आजच्या अर्थानं वापरताय, म्हणून थोडं लिहिते.

त्या काळी एकाच छपराखाली सगळे जेवताहेत असं चित्र विसरा. ब्राह्मण-वाणी प्रवासी धर्मशाळेत उतरणार, तीन दगड मांडून स्वतःचं स्वतः शिजवणार. त्याला जागा, पाणी आणि सरपण हवं, अन्न नको. साहेबाला बंगला आणि खानसामा हवा. तो नेटिवाच्या घरामागच्या जोत्यावर निजायला येणार नाही. भोई, गाडीवान, तट्टूवाले यांना तळ हवा आणि जनावराला पाणी हवं. आणि ज्यांना अस्पृश्य मानलं जात होतं त्यांना यातल्या पहिल्या दोन ठिकाणी ओसरीवरही उभं करत नव्हते.

म्हणजे घाटपायथ्याला एक 'इन' नव्हतं, तीन-चार वेगवेगळी ठिकाणं असणार. तुमचं जोतं यांपैकी कोणतं, हा खरा प्रश्न. धागाकर्त्यांनी 'घराच्या मागच्या अंगाला' असं लिहिलंय. सन्मानाच्या पाहुण्याला आपण मागच्या अंगाला उतरवतो का?

पुणेरी काकू

अगदी नेमकं. बाकी काही असो, प्रश्न असा विचारावा.

खमंग

यावरून आठवलं. कर्जतचा वडा गाजला कशामुळे? घाट चढायला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावायला ती कर्जतला थांबते म्हणून. प्रवाशाला भूक नसते, वेळ असतो. एक्स्प्रेस वे झाला तेव्हा जुन्या रस्त्यावरच्या किती हॉटेलांवर अवकळा आली, आणि फूड मॉलला जत्रा लागली. वडा तोच. गाडी कुठं थांबते त्यावर सगळं.

विलायती मामा

इकडे इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली 'कोच अँड हॉर्सेस' नावाचे पब आहेत. ना कोच, ना हॉर्सेस. घोडागाड्यांचे थांबे रेल्वेनं संपवले, पण पाटी राहिली आणि बिअरही राहिली. आपल्याकडे पाटीच नव्हती, त्यामुळे शोधणं कठीण.

चहाबाज

मामा, आपल्याकडे बिअरही नव्हती.

घाटपायथा

दोन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. तीन दिवस नाही, दोनच दिवस रजा लागली.

@सातबारा, चौकशी नोंदवही मिळाली. त्यात आमच्या घराची नोंद आहे, आणि मागच्या जागेपुढे फक्त 'पडवी व जनावरांचा हौद, खासगी' एवढंच. धर्मशाळा नाही, खाणावळ नाही. मी तिथंच मटकन बसलो.

आत्याकडे गेलो. तिनं ट्रंकेतून एक बाड काढलं, कापडात गुंडाळलेलं, अर्ध्याला वाळवी. सगळं मोडी. मला अंक सोडून एक अक्षर लागत नाही. चार पानांचे फोटो टाकतोय, कुणी वाचेल का? आत्याच्या समजुतीनुसार ही जमिनीची सनद आहे.

कलमदान

मोडी वाचतो. फोटो थोडे तिरके आहेत, पण अक्षर वळणदार आहे, कारकून चांगला होता.

सनद नाही. हिशेब आहे, रोजखर्चाचा. पहिल्या पानावर शके १७८१, म्हणजे इसवी १८५९-६० धरा. नोंदी अशा आहेत (मजकूर थोडा सोपा करून देतो) :

'भोई असामी ८, तांदूळ, मीठ, मिरची.'
'भोई असामी १२, सरपण मोळ्या २.'
'तट्टे ३, हरभरा व गवत.'
'भोई असामी ६, पैकी १ आजारी, निजला.'

चारही पानांवर प्रवाशाचं एकही नाव नाही. साहेब नाही, बाई नाही, भटजी नाही. भोई, तट्टे आणि धान्य.

निळी पालखी

म्हणजे मुक्काम पालखीत बसणाऱ्यांचा नव्हता, पालखी उचलणाऱ्यांचा होता.

'पैकी १ आजारी, निजला' हे वाचून थांबले जरा.

घाटपायथा

खरं सांगू? मलाही धक्का बसला. लहानपणापासून मी त्या जोत्यावर टोपीवाला साहेब खुर्ची टाकून बसलेला बघत आलोय. आजीनंही कधी भोई म्हटल्याचं आठवत नाही.

पुणेरी काकू

घरच्या गोष्टीत पाहुणे दर पिढीला एक पायरी वर चढतात. आमच्याकडे एक सरदार येऊन गेले म्हणतात, तो मामलेदाराचा शिपाई निघाला.

पळसदरी लोकल

@कलमदान, शके १७८५ चं पान आहे का हो? २१ एप्रिल १८६३ म्हणजे त्या शकाची सुरुवात, चैत्र संपून वैशाख लागण्याच्या सुमाराची. आजींचं 'एका दिवसात' तिथं कळेल.

घाटपायथा

आत्याच्या शेजारच्या मुलाकडून उरलेल्या सगळ्या पानांचे फोटो मागवले. एकूण तेवीस पानं वाचण्याजोगी.

कलमदान

वेळ लागला, ऑफिस होतं.

१७८५ चं पान नाही. वाळवीनं नेमकं तेच खाल्लंय, किंवा ते कधी नव्हतंच. १७८४ मध्ये भोई भरपूर. त्यानंतर थेट १७८७, म्हणजे १८६५-६६. आणि तिथं भोई शून्य.

पण हिशेब चालू आहे! 'गाडीवान असामी ५, कडबा पेंढ्या ४०.' 'मिठाच्या गाड्या ३, बैल ६, पाणी.' एका ठिकाणी 'मुकादम व गडी, खिचडी'. मुकादम कोणाचा ते लिहिलेलं नाही. शेवटचं तारीखवालं पान शके १७९३. त्यापुढे नुसते कोरे कागद, एकावर कुणा पोरानं अ, आ, इ गिरवलंय.

पळसदरी लोकल

म्हणजे पालखी गेली, बैलगाडी राहिली. बरोबरच आहे. रेल्वे मुंबईहून थेट पुण्याला जायला लागली तरी आसपासच्या गावांचा माल घाटरस्त्यानंच जाणार. रेल्वेनं उतारू नेले, मीठ नेलं असेलही, पण सगळं मीठ नाही.

बंदरावरचा

मीठ पेण-पनवेलच्या आगरांतलं असणार. लिहिताना उगाच ऊर भरून आला.

खमंग

गाडी थांबते तिथं धंदा, हे मी आधीच म्हटलं होतं. गाडी कसली ते महत्त्वाचं नाही.

चहाबाज

खमंगरावांना कर्जतचा एक वडा माझ्याकडून.

ट्रकवाल्याचा मुलगा

मग मी चुकलो नव्हतो. मेंढरं नसतील, पण जागा कष्टकऱ्यांची होती.

घाटपायथा

@ट्रकवाल्याचा मुलगा, तुम्ही सगळ्यांत जवळ होतात. मान्य.

काल आत्याला फोन करून सगळं वाचून दाखवलं. भोई, तट्टे, गाडीवान, शके १७९३. म्हटलं, आत्या, आजी म्हणायची तसं ते एका दिवसात बसलं नव्हतं गं, निदान आठ वर्षं तरी पुढं चाललं.

ती म्हणाली, "आठ कसली? माझ्या लग्नात वऱ्हाड कुठं उतरलं होतं? तिथंच. घाटावरनं बैलगाड्यांनी आले होते, बैल हौदावर बांधलेवते. छप्पर होतं की तेव्हा."

मी म्हटलं, मग आजवर सांगितलं का नाहीस?

"तुम्ही सगळे साहेबाचं विचारायचात. माझ्या लग्नाचं कुणी विचारलं?"

लग्न १९५८ चं.

पुणेरी काकू

आत्याबाईंना आधी सदस्यत्व द्या. आणि लग्नाचं विचारा.

सातबारा

नोंदवहीत 'पडवी' लिहिलंय ते बरोबरच ठरलं मग. मोजणीदारानं छप्पर बघूनच लिहिलं असणार.

जुना नकाशा

छप्पर कधी गेलं? कौलं कसली होती? नळीची की चपटी मंगलोरी? मंगळुरात बासल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, त्यामुळे मंगलोरी कौल असेल तर छप्पर भोयांच्या काळानंतर पुन्हा शाकारलंय. कौलाच्या पाठीवर छाप असतो, तो बघा.

घाटपायथा

साल तिला आठवत नाही. पण काकांनी छप्पर उतरवलं आणि कौलं गोठ्यावर चढवली, ती अजून आहेत. काही नळीची आहेत, काही चपटी, असं ती म्हणते. रविवारी शिडी घेऊन जातोय.